बाल्कनीपर्यंत न पोचलेला बेस

मन्या, परवा तुझ्या तेराव्याला हुडकेश्वरच्या तुझ्या घरासमोर मांडव घातला होता आणि त्यात चार माणसं बोलली. चारपैकी तिघांनी तुझं तेच वाक्य सांगितलं. तबलावाला बोलला, ऑर्केस्ट्राचे मालक बोलले, आणि तू ज्याला बेस गिटार शिकवलास तो बँकेतला तुझा शिष्य तर बोलता बोलता रडलाच. "सर म्हणायचे, बेस म्हणजे ताणा, मागावरचं उभं सूत. लुगड्याचा काठ लोकाईले दिसते, ताणा कोणाले दिसत नाही. पण ताण्याबिगर लुगडं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या शेजारचा एक जण म्हणाला, केवढी मोठी गोष्ट किती सोप्या शब्दांत सांगून गेला माणूस. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि मला राग येत होता.

शकुंतला वहिनींनी मला दोनदा खुणावलं. शेवटी उठलो, "चांगला माणूस होता" एवढं म्हणालो आणि बसलो. वीस वर्षांची दोस्ती आणि तीन शब्द. सगळे पांगल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी काहून नाही बोलले?" मी म्हणालो, घसा बसला. घसा ठणठणीत होता. बोलायला लागलो असतो तर ते वाक्य कुठून आलं हे सांगावं लागलं असतं, आणि त्यात माझा हात आहे. हे तुला कधी कळलं नाही. म्हणून दुसऱ्या कोणाला सांगायच्या आधी तुलाच सांगतो.

आपली ओळख दुकानातली. नागपुरात बर्डीवरचं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला पायरीवर उभं राहावं लागे. तू आलास तो लुगड्याच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन. इतवारीतल्या विणकराच्या घरचा म्हणालास, म्हणून मागाचाच एखादा भाग आणला असेल असं मला वाटलं. कापड सोडलंस तर आत गिटार. मान नको तेवढी लांब, आणि तारा चार.

"दोन तुटल्या काय गा?" मी विचारलं.

"चारच असतात."

"म्हणजे अर्धवटच बनवला म्हण."

तू ते मनाला लावून घेतलंस. अजनीच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून चालला होता. त्याच्याकडून तू तो बेस घेतला होतास, आणि वाजवायचं कसं हेही त्यानंच जाता जाता आठ दिवसांत शिकवलं होतं. पण अ‍ॅम्प्लिफायर तो बरोबर घेऊन गेला. नुसत्या तारा छेडल्या तर जवळ कान नेल्याशिवाय काही कळत नव्हतं. "मिस्तरी, याले आवाज पाहिजे," तू म्हणालास. मिस्तरी हे नाव तेव्हापासून मला चिकटलं. माझं खरं नाव तू उभ्या आयुष्यात दोनदाच घेतलंस, एकदा माझ्या लग्नात आणि एकदा माझी आई गेली त्या दिवशी.

मग आपण खोकं बनवलं. सागवानाच्या उरल्यासुरल्या फळ्या, बारा इंची स्पीकर आणि एका मोडक्या रेडिओग्राममधून मी काढून ठेवलेला अ‍ॅम्प्लिफायर. आत काहीतरी मऊ भरायला हवं होतं, नाहीतर खोकं रिकाम्या डब्यासारखं वाजतं. तू घरून मागावरच्या तुटक्या सुताचं अर्धं पोतं आणलंस. लाल, हिरवं, जांभळं सूत आपण मागच्या बाजूनं कोंबत बसलो होतो. पहिला सूर वाजवलास तेव्हा माझ्या फळीवरचे व्हॉल्व्ह किणकिणले आणि शेजारचा शिंपी हातात कात्री घेऊनच बाहेर आला. तू हसत सुटलास. इतकं मोकळं हसताना मी तुला नंतर फार वेळा पाहिलं नाही.

तू ऑर्केस्ट्रात लागलास आणि तुझ्या पाठोपाठ माझा माइकसेटही लागला. गणपती, शारदोत्सव, कोळसा खाणींच्या कॉलन्या, रेल्वेचे कार्यक्रम. तू, मी आणि ते खोकं, ट्रकमध्ये मागे. तेव्हा गाणं लोकांपर्यंत जायचं ते भोंग्यांतून. भोंग्यातून गाणाऱ्या बाईंचा आवाज मैलभर जातो, बासरी जाते, अ‍ॅकॉर्डियन जातं. बेस जात नाही. भोंग्याला खालचा आवाज पेलतच नाही. पहिल्या दोन रांगांना तुझ्या खोक्यातून जे मिळेल ते मिळायचं, तिसऱ्या रांगेपासून पुढे तू नुसता उभा.

कुहीचा कार्यक्रम आठवतो? धान कापून झाले होते आणि आजूबाजूची गावंच्या गावं लोटली होती. मध्यंतरात एक म्हातारेबुवा स्टेजपाशी आले आणि अगदी काळजीनं तुला म्हणाले, "बाबू, तुमचं मशीन बिघडलं वाटते. इतक्या वेळचे बोटं चालवून राहिले, आयकू तं काहीच नाही येऊन राहिलं." सगळे हसले. मीही हसलो. तू हसला नाहीस. परतताना ट्रकमध्ये तू एकच धरून बसलास की शेवटच्या माणसाला ऐकू आलं पाहिजे. मी वैतागून म्हणालो, "बेस आयकायले कोण येते बे? लोकं गाणं आयकायले येतात. तू बंद केलं तरी कोणाले समजणार नाही." हे मी बोललो होतो. शब्द न शब्द आठवतो मला.

तू अर्थातच ऐकलं नाहीस. भोंगे जाऊन उभे कॉलम स्पीकर आले, तेव्हा तुझ्या कटकटीला कंटाळून मी तुझ्या खोक्यातून एक वायर काढली आणि ती माझ्या मिक्सरला जोडली, म्हणजे गाणाऱ्या बाईंबरोबर तूही कॉलममधून बाहेर जाशील. कार्यक्रमाच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये तू तेच ते चार सूर वाजवत राहायचास आणि मी चालत चालत शेवटच्या रांगेपर्यंत जायचो. ऐकू आलं की हात वर. कार्यक्रम सुरू झाला की मी विंगेत मिक्सरपाशी असायचो, तरी तू मधूनच माझ्याकडे बघून भुवई उडवायचास आणि मी पुन्हा हात वर करायचो. म्हणजे जातोय, मागपर्यंत जातोय. बाकीचे वादक आपल्याला हसायचे. त्यांना कोणालाच असं विचारावं लागत नव्हतं.

याच सुमाराला मुंबईहून बोलावणं आलं. तिथला एक मोठा ऑर्केस्ट्रा नागपूरला कार्यक्रमाला आला होता, त्यांच्या माणसानं तुला कुठेतरी ऐकलं आणि दिवाळीपर्यंत कळव म्हणाला. तू थोरला. बापूंना विचारल्याशिवाय तू घराबाहेर पाऊल टाकणार नव्हतास. तुझे वडील, म्हणजे बापू, घरातल्या खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, नऊवारी लुगडी विणायचे. पॉवरलूमनं त्या धंद्यात काही राम ठेवला नव्हता, तरी ते विणत होते आणि दिवसा तूही त्यांच्या शेजारी बसत होतास. ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "काय वाजवते तू, ते एकदा आयकतो. मंग सांगतो." त्यांनी तोवर तुला घरात नुसत्या तारांवर बोटं फिरवतानाच पाहिलं होतं. खोकं तर माझ्या दुकानात असायचं.

अमावस्येला तुमचा माग बंद. त्या महिन्यात अमावस्या रविवारी आली, आणि त्याच रविवारी सकाळी एका टॉकीजमध्ये आपला कार्यक्रम होता, कसल्याशा मदतीसाठी. बापू धुवट धोतर नेसून, टोपी घालून आले. तू त्यांना बाल्कनीत पहिल्या रांगेत बसवलंस. सिनेमाच्या हिशेबानं सगळ्यात मानाची जागा तीच. जाता जाता मला म्हणालास, "मिस्तरी, आज वरपर्यंत गेलं पाहिजे बे." मी म्हणालो, "जाईल."

दुसऱ्या गाण्याला रंगीत दिवे लागले आणि कॉलममधून हमिंग सुरू झालं. घूंऽऽ असा एकसारखा आवाज, गाण्याच्या तळाशी. समोर पाहुणे बसलेले. आयोजक विंगेत येऊन माझ्या कानाशी, "अहो, हे काय होऊन राहिलं?" असं पुटपुटायला लागले. अशा वेळी आम्ही मिस्तरी लोक एकच करतो, एकेक पिन काढून बघतो. अ‍ॅकॉर्डियनची काढली, हमिंग तसंच. तबल्याच्या माइकची काढली, तसंच. तुझी काढली आणि हमिंग बंद. कॉलम एकदम स्वच्छ. मी तुझी पिन मिक्सरवर आडवी ठेवली आणि घाम पुसला.

तुला काही कळायचं कारणच नव्हतं. तुझं खोकं तुझ्या पायाशी चालूच होतं. तू स्वतःला ऐकू येत होतास, आम्हा स्टेजवरच्या लोकांना येत होतास. पण त्या दिवशी स्टेजच्या पुढे संस्थेचा लांबच लांब फलक लावला होता, त्याला लागून कुंड्या मांडल्या होत्या, आणि खोकं त्या सगळ्याच्या मागे गेलं होतं. हॉलमध्ये जे जात होतं ते माझ्या कॉलममधून, आणि त्यात तू नव्हतास. चौथ्या गाण्यात तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. मी हात वर केला.

विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मध्यंतरात मला आठवलं. बापू वर बसलेत, ते कशासाठी आलेत, सगळं आठवलं. मी पिन हातात घेतली. लावली असती तर हमिंग परत आलं असतं, पण रंगीत दिवे बंद करायला सांगता आले असते. खोकं फलकाच्या पुढे ओढता आलं असतं. तेवढ्यात आयोजक आले, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज आवाज एकदम साफ, मिस्तरी. अस्साच राहू द्या." माझं कौतुक करायला कोणी कधी विंगेत येत नसे. आवाज बिघडला की शिव्या द्यायला येत. मी पिन खाली ठेवली.

आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. तू मुंबईला जाऊ नयेस असं मला वाटत होतं. तू गेला असतास तर मी नागपुरात कोणाशी भांडलो असतो? पिन काढताना हे माझ्या मनात नव्हतं, शपथेवर सांगतो. खाली ठेवताना होतं की नव्हतं, याची शपथ मला घेता येत नाही. खूप वर्षं स्वतःला विचारून पाहिलं.

दुपारी खोकं सायकलरिक्षात घातलं आणि आपण तिघं बाजूनं चालत इतवारीकडे निघालो. तू बापूंच्या तोंडाकडे बघत होतास. बापू गाणाऱ्या बाईंबद्दल बोलले, तबल्याबद्दल बोलले, पडद्याच्या कापडाबद्दलसुद्धा बोलले. मग म्हणाले, "सगळ्याईचं आयकू आलं. तुयं काही आयकू नाही आलं गा. बोटं चालून राहिले होते, ते दिसलं मले. मी कान देऊन बसलो होतो."

मला तेव्हा बोलता आलं असतं. मी रिक्षावरचं खोकं धरून खाली रस्त्याकडे बघत चालत राहिलो.

बापूंनाच वाईट वाटलं असावं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "असू दे. लुगड्यात ताणा कोणाले दिसते? काठच दिसते. ताणा रायते आपला खाली." तुझ्या तेराव्याला ज्यावर सगळ्यांनी माना हलवल्या ते वाक्य हे. एका बापानं पोराची समजूत काढायला रस्त्यात काढलेलं. त्यात संगीताचं काही नव्हतं, त्यांनी संगीत ऐकलंच नव्हतं.

चार दिवसांनी तू दुकानात आलास आणि मुंबईला 'येत नाही' असं कळवल्याचं सांगितलंस. मी विचारलं, बापू नको म्हणाले का?

"नाही. ते तं जा म्हणाले. मीच नाही म्हटलं." मग माझ्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून पुन्हा ठेवलास. "जे आयकूच नाही येत, त्याच्यासाठी घर काहून सोडायचं?"

मी म्हणालो, "चहा घेशील?" हमिंगचं कारण मला त्याच आठवड्यात सापडलं होतं. तुझ्या खोक्याला करंट स्टेजच्या, त्या रंगीत दिव्यांच्याच बोर्डावरून होता आणि माझ्या मिक्सरला दुसऱ्याच बोर्डावरून, दोन्ही वायरीनं जोडले की गुणगुणणार. एका बोर्डावर आणलं की संपलं. इतकी साधी गोष्ट. त्यानंतर आपल्या कुठल्याही कार्यक्रमात हमिंग आलं नाही, पण बापूही पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांत ते गेले, माग बंद पडला आणि तू वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला लागलास.

आणि मग आपल्या भांडणाच्या बाजूच उलटल्या. हे तुझ्या लक्षात आलं होतं का रे? आधी तू म्हणायचास ऐकू आलं पाहिजे, मी म्हणायचो कोण ऐकतं. त्या रविवारनंतर तू म्हणायला लागलास की बेस ऐकू यायची गरजच नाही, आणि मी जिवाच्या आकांतानं म्हणायला लागलो की आला पाहिजे, प्रत्येकाला आला पाहिजे. मी बारा इंचीच्या जागी पंधरा इंची स्पीकर टाकला. दुसरं खोकं बनवलं, त्याहून मोठं, जे दोन माणसांना उचलत नव्हतं. तू म्हणायचास, "मिस्तरी, तुले काय झालं बे? पयले तं तूच नाही म्हणत होता." मी म्हणायचो, माणसाचं मत बदलतं. तू तुझं ताण्याचं वाक्य टाकायचास आणि जिंकायचास. त्या वाक्यापुढे मला कधीच बोलता आलं नाही. लोकांना वाटायचं, मिस्तरीला पटलं.

ते तू नव्या पोरांना शिकवलंस. कोणी बेसवाला पोरगा कुरकुर करत आला की माझं कोणी ऐकत नाही, की तू त्याला बसवून ताणा समजावायचास. फार छान समजावायचास. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान यायचं. मी मागे सोल्डरिंग करत बसलेला, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, उठावं आणि सांगावं की बाबांनो, हे खरं नाही, वायर निघाली होती. पुढे पुढे तर मला कळेनासं झालं की ते खरं आहे की नाही. कदाचित खरंच असेल. पण तू ते ज्या कारणानं मानलंस ते कारण खोटं होतं, आणि खोटं होतं हे मला एकट्याला ठाऊक होतं.

तीन-चार वर्षांपूर्वी त्या मोठ्या मैदानावर आपण पहिल्यांदा भाड्यानं आणलेले कपाटाएवढे बेसचे स्पीकर लावले, तो दिवस घे. तू नेहमीचे चार सूर वाजवलेस आणि मी चालत निघालो. मैदान संपलं, फाटक आलं, रस्ता ओलांडला, पानठेल्यापाशी पोचलो. पानवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, इथी आत लागून राहिलं." मी रस्त्याच्या पलीकडून दोन्ही हात वर केले. मला रडू येत होतं. धावत परत आलो, तर तू वाकून आवाजाचं बटण अर्ध्यावर आणून ठेवलं होतंस. "काहून इतका? गाणं खाऊन टाकते तो." त्या दिवशी मी तुझ्याशी जे भांडलो ते तुला जास्त वाटलं. आठ दिवस दुकानात आला नाहीस. नवव्या दिवशी वाडीहून येताना सायकलच्या हँडलला संत्र्यांची पिशवी लटकवून आलास आणि काही झालंच नाही असा बसलास. राग धरून ठेवणं तुला जमायचं नाही.

तेवढंच नाही. माझी आई शेवटच्या दिवसांत कोणाला ओळखत नव्हती, तर तू रोज येऊन तिच्या पलंगाला टेकवून तो बेस खोक्याशिवायच वाजवायचास. ती पलंगाच्या लाकडी पट्टीवर हात ठेवून पडून राहायची. मी स्वयंपाकघरात उभा राहून तुला सांगायचं ठरवायचो आणि चहा घेऊन बाहेर यायचो. तुझ्यासारखा मित्र मला मिळाला, ही माझ्या आयुष्यात झालेली सगळ्यात चांगली गोष्ट. म्हणूनच तोंड उघडत नव्हतं. सांगितलं असतं तर तू माफ केलं असतंस, संत्री घेऊन आला असतास, आणि ते मला सहन झालं नसतं.

दवाखान्यात मात्र मी ठरवूनच आलो होतो. वहिनी डबा आणायला घरी गेल्या होत्या. तुझ्या डोक्यावर ट्यूबलाइट होती आणि तिचा चोक गुणगुणत होता. तू डोळे मिटूनच म्हणालास, "मिस्तरी, तो आवाज आयकला? पांढरी पाचच्या थोडासा वर आहे. तीन दिवसांपासून सुरात येईन म्हणून वाट पाहून राहिलो, येतच नाही." मी हसलो. म्हणालो, "मन्या, त्या टॉकीजमधे सकाळच्या कार्यक्रमात असंच हमिंग आलं होतं."

"कोणत्या?"

"बापू आले होते तो."

तू डोळे उघडलेस. "हो ना बे. बापू आले होते." आणि तू हसलास, अगदी आनंदानं. "एकदाच आले, पण आले. धोतर धुवून आले होते." मी स्टुलावर चढून चोकचा स्क्रू आवळला. आवाज थांबला. तू "शाबास" म्हणालास आणि झोपलास. दोन दिवसांनी मी परत आलो तेव्हा तुझा पलंग रिकामा होता.

इथवर लिहून झालं आणि काल मी हुडकेश्वरला गेलो. वहिनींना सगळं वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. एक खडा बाजूला काढत म्हणाल्या, "म्हणजे बापूजीईनं आयकलंच नाही? आमाले वाटे, आवाज तिथवर गेला, पण त्याईले तो समजलाच नाही." मी म्हणालो, ऐकलंच नाही. "भाऊजी, खरं सांगू? मुंबईले गेले असते तं माझं लग्न त्याईच्याशी झालंच नसतं. पोरं नसते. मले तुमचा राग येत नाही. येवाले पाहिजे का, तेही मले समजत नाही." त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि डोळ्याला पदर लावला. मग मला जेवूनच जा म्हणाल्या. मी जेवलो.

त्या म्हणतात ते असेल. तुला संसार चांगला मिळाला, मला तू मिळालास, त्या पोरांना गुरू मिळाला. पण वहिनी त्या सकाळी तिथे नव्हत्या. तेराव्याला बोलणाऱ्यांपैकीही तिथे कोणी नव्हतं. तू त्या सकाळी जसा वाजवलास तसा नंतर कधी वाजवला नाहीस, मन्या. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात तू वरून खाली असा उतरत आलास की गाणाऱ्या बाई गाता गाता तुझ्याकडे वळून हसल्या. ड्रमवाल्यानं मान डोलावली. विंगेत माझ्या पायाखालची फळी थरथरत होती. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं असतं. वर बाल्कनीपर्यंत गेलं असतं. बापू कान देऊन बसले होते, त्यांना तू ऐकू आला असतास. ती पिन मी काढली होती.